लांबलेला सेकंद

"दार कुरकुरलं तर तेल द्यावं, शटर कुरकुरलं तर कान द्यावा," असं शटरताई येता-जाता म्हणायची. बापाच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत तिची सारी हयात गेली. पेटीएवढाले जुने कॅमेरे, त्यांची पितळी भिंगं आणि भिंगांच्या पोटातली घड्याळासारखी शटरं, हेच तिचं गोत. कुणी शिकवलं नाही. बापाचं मेलेलं शटर एकदा खोललं, चाकं ताटात मांडली आणि पुन्हा जोडताना एकही उरलं नाही, तेव्हापासून ती कारागीर. लांबलांबून लोक शटरं पाठवत. ती कानाशी धरून सांगे, "ह्याचा सेकंद म्हातारा झालाय."

पण फोटो काढायचा धाकटा भाऊ. पितळ घासून बोटं हिची काळी व्हायची आणि फोटोखाली सही त्याची यायची. माणसं त्याच्यासमोर खुलत. हिच्यासमोर परीक्षेला बसल्यासारखी बसत. हे तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त जळत होतं.

त्या हिवाळ्यात तिने बापाचं सर्वांत मोठं भिंग हाती घेतलं. दोन काचांमधला डिंक सुटून आत धुकं धरलं होतं. ऊन पाण्यात काचा हलक्या हाताने सोडवल्या, पुसल्या, नव्याने चिकटवल्या. शटर स्पिरिटने धुतलं. मनात एकच होतं: ह्या भिंगातून आईचा फोटो आपण काढायचा. आयुष्यात एकच, पण आपल्या हाताने.

आई शाल लपेटून स्टुडिओच्या बैठकीच्या खोलीत बसली आणि म्हणाली, "धाकट्याला बोलव. तू काढलास तर माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं येईल."

"मग भिंग कशाला दुरुस्त केलं मी?"

"अगं, त्याच्याचसाठी ना!"

धाकटा शीळ घालत आला. ताईने भिंग कॅमेऱ्याला बसवलं आणि ती मागच्या काळ्या कपड्याखाली शिरली. कॅमेऱ्याच्या पाठच्या दुधी काचेवर आई उलटी दिसत होती, डोकं खाली. धाकटा कॅमेऱ्याशेजारून म्हणाला, "आई, अशी बस की शेजारणीच्या पोटात दुखलं पाहिजे!" आणि उलट्या आईचा चेहरा उजळला. असं हसू आपल्याकडे वळलेलं ताईने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. कपड्याखाली कुणी बघत नव्हतं, म्हणून तिने पोटभर दात-ओठ खाल्ले.

फिल्म चढवली. धाकट्याने शटर उघडायची केबल दाबली. शटर कुरकुरलं, रेंगाळलं, मग मिटलं. तेवढ्यात आईने मान हलवली होती.

हे ऐकलं फक्त ताईने. शटर तिने टेबलावरच्या दिव्याच्या उबेत तपासलं होतं. ह्या गारठलेल्या खोलीत चाकं आखडली. चूक तिची. पण फोटो हललेला आला तर बोल धाकट्याला लागेल, हे तिला लख्ख दिसलं. एकदा तरी आई म्हणेल, पोराचा हात चुकला. ती गप्प राहिली. ते गप्प राहणं गुळासारखं लागलं.

"हललीस तर नाहीस ना?" धाकट्याने विचारलं.

"हलले तरी काय? तू काढलेला हललेलाही मी भिंतीवर लावीन."

ताईच्या तोंडातला गूळ कडू झाला. म्हणजे त्याचं बिघडलेलंही चालणार, आणि आपल्या भिंगाची बेअब्रू जन्मभर भिंतीवर टांगलेली!

"शटर लांबलं," ती म्हणाली. "फोटो गेला."

"तुझ्याच दुरुस्तीत काही राहिलं असणार," आई म्हणाली.

"राहिलं." दाढ उपटावी तसा तिने तो शब्द बाहेर काढला.

"ताईचं शटर आणि चुकलं?" धाकटा हसला. "आज सूर्य कुठून उगवला?"

"उद्या नीट करून आणते. आणि केबल मी दाबणार. चेहरा कसाही येऊ दे."

"अगं, पण..." आईने सुरुवात केली. ताई ऐकायला थांबली नाही. तिने भिंग काढलं, पोटाशी धरलं आणि मागच्या खोलीकडे चालू लागली. आई धाकट्याच्या कॉलरवरचा दोरा वेचू लागली. त्याने तिचा हात हळूच बाजूला केला, आणि ताई दिसेनाशी होईपर्यंत तिच्या पाठीकडे बघत राहिला.