सरूबाईच्या फाट्यावरची राजदूत

उमापूरला कय्युमच्या गॅरेजवर बाजाराच्या दिवशी जी मंडळी जमतात, त्यांना गाडी दुरुस्त करून घ्यायची असतेच असं नाही. काहींच्या गाड्या तर कधीच भंगारात गेल्या. पण बसायला बाकडं आहे, कय्युमच्या घरातून अमीरबीचा चहा येतो, आणि ज्याने त्याने आजवरच्या आपल्या गाड्या क्रमाने सांगायच्या, सोयरीक जुळवताना लोक पिढ्या सांगतात तशा, असा रिवाज आहे. अर्जुनरावांची येझदी दर खेपेला थोडी जास्तच पळते. बंकटची बुलेट आता एका दमात दहा पोती ज्वारी वाहू लागली आहे. कुणी कुणाला खोटं पाडत नाही, कारण आपलीही पाळी यायची असते.

त्या दिवशी मात्र शहादेव साळव्यांचं गप्पांत लक्ष नव्हतं. त्यांची जुनी राजदूत फटफटी सकाळपासून उघडून पडली होती आणि कय्युम कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासत होता.

"कय्युम, सांजच्या धारंच्या वक्ताला निघायचंय मला. तवर झाली पायजे."

"सहा वरसं घरात झाकून ठिवली अन् आज घाई," कय्युम म्हणाला. "बसा गुमान, शहादेवभाऊ."

घाई कशाची, ते बाकड्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. चकलांब्याच्या वाटेवरच्या वस्तीतली सरूबाई महिनाभर अंथरुणाला खिळली होती. वय ऐंशीच्या पुढं. आठ दिवसांपासून ती कुणालाच ओळखत नव्हती, पोटच्या रामहरीलासुद्धा. आदल्या दिवशी रामहरी शहादेवांच्या दारात येऊन म्हणाला होता, "काका, एकडाव राजदूत घिऊन या. तुमाला न्हाई वळखायची ती, पर गाडीला वळखंल." त्यावर शहादेव हसले होते खरे, पण उजाडताच गाडी ढकलत त्यांनी कय्युमकडे आणली होती. गाडी चालूच झाली नाही तर? आणि झाली, तरी म्हातारीने ओळखलंच नाही तर?

"तवर गाड्या सांग की," बंकटने डिवचलं. "तुजा नंबर कधी येतच न्हाई बे."

"तीनच झाल्या," शहादेव म्हणाले. "पहिली लुना. दुसरी ही. अन् तिसरी एकोणीस दिवस."

आता मोटारसायकल एकोणीस दिवस ठेवणारा माणूस साऱ्या तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. त्यामागची गोष्ट अशी.

गावात सहकारी दूध सोसायटी निघाली तेव्हा शहादेव दहावी पास होऊन मजुरी करत होते. हिशेब चोख, पाय टणक, म्हणून वस्त्या-वस्त्यांवरून दूध गोळा करायचं काम त्यांना मिळालं. आधी लुनावर दोन छोटे कॅन. दूध वाढलं तशी गेवराईच्या एका मास्तरांकडून जुनी राजदूत घेतली, आणि कय्युमने मागे कॅनसाठी लोखंडी चौकट ठोकून दिली. शहादेव भीमनगरातले. पहिल्या वर्षी काही घरं दुधाचं भांडं जमिनीवर ठेवून चार पावलं मागं सरायची. पण कॅन एकच होता, आणि सगळ्यांचं दूध त्याच कॅनात पडायचं, त्याला कुणाचा इलाज नव्हता. सरूबाईने भांडं कधी खाली ठेवलं नाही. पहिल्या दिवसापासून हातात दिलं, आणि वर म्हणाली, "वाळलास रं, काई खातोस का न्हाई?" ते वाक्य शहादेव आयुष्यभर विसरले नाहीत.

त्या राजदूतला एक खोड होती. फटफट चालता चालता ती मध्येच एक ठेका गाळायची, उचकी लागल्यासारखी. कय्युम कितीदा म्हणाला, काढून टाकतो. शहादेव हात लावू देत नसत, कारण ती उचकी म्हणजेच त्यांची हाळी होती. गाडी ओढ्यापलीकडे असतानाच वस्त्यांवरच्या बाया कान टवकारायच्या. पीठ मळायचं थांबवून दूध गाळायच्या आणि भांडं घेऊन फाट्यावर यायच्या. शहादेव हॉर्न वाजवत नसत की कुणाला हाक मारत नसत. वीस वर्षं अशीच गेली.

मग तो दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, टँकरपाशी भांडणं लागली, निम्मी जनावरं छावणीत गेली. तालुक्याच्या दूध संघाने सोसायटीला कळवलं की, या वाटेवरून दिवसाला चाळीस लिटरच्या खाली दूध आलं तर महिनाअखेरीला दूध न्यायचा टेम्पो बंद. टेम्पो बंद म्हणजे बायांनी मागे ठेवलेल्या म्हशीही दावणीतून जाणार, हे शहादेवांना समजत होतं.

नेमकं तेव्हाच पुण्याला नोकरीला लागलेल्या मुलाने पहिल्या कमाईतून बापाला नवी गाडी आणून दिली. काय तिची चमक! शहादेवांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी तिला हार घातला. नवऱ्याच्या सदऱ्यांना येणारा ऑइलचा वास आता जाईल म्हणून त्या लई खूश झाल्या. राजदूत कय्युमकडे गेली, कुणी गिऱ्हाईक आलं तर बघ म्हणून.

पहिल्या दिवशी दूध सहा लिटरने घटलं. शहादेव म्हणाले, दुष्काळ. मग अडतीस, मग चौतीस, मग एकोणतीस. फाट्यावर थांबायचं, वस्तीकडे बघायचं, कुणी आलं नाही की समजायचं, आटली बिचारीची म्हैस. वस्तीवर जाऊन विचारणं त्यांच्या जिवावर यायचं. अशा दिवसांत कुणाला "आज दूध कावून न्हाई?" म्हणणं म्हणजे त्याच्या ताटात डोकावणं, असं त्यांना वाटे. मान खाली घालून ते पुढं जात. असे अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी वाटेत सरूबाई भेटली. रामहरी आणि सून मालनबाई ऊसतोडीला गेलेले, म्हातारी एकटीच होती. हातात म्हशीचं दावं, आणि तोंड बाजाराकडे. म्हशीची कास भरलेली बघून शहादेवांनी करकचून ब्रेक मारला.

"मावशी, हे काय? म्हस तर दुधाची हाय!"

"मंग काय करू? सोसायटी बंद पडली. दही लावून लावून मडकी भरली."

"कुणी सांगितलं बंद पडली? मी रोज दोन डाव फाट्यावर हुबा राहतो!"

म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "तुजी गाडी तर ऐकू न्हाई आली रं. म्या म्हनलं, तुला लाज वाटत आसंल सांगायला, म्हून इचारलं न्हाई."

शहादेवांनी खाली उतरून चालू गाडीला कान लावला. नवी गाडी इतकी मऊ चालायची की ओढ्यापलीकडचं सोडा, फाट्यावरून वस्तीपर्यंतही तिची चाहूल लागत नव्हती. त्यांनी विचारलं नाही, बायांनी विचारलं नाही. एकमेकांची अब्रू झाकता झाकता सगळ्यांनी मिळून सोसायटी बुडवायला घेतली होती.

"उंद्या सकाळपातुर थांब, मावशी. एवढं ऐक माजं."

"हॉर्न वाजवायचा की!" अर्जुनराव बाकड्यावरून म्हणाले.

"वाजवला ना, त्याच दिवशी समद्या फाट्यांवर वाजवला! बायांना वाटलं, वाळूचा ट्रक चाललाय."

त्या दुपारी शहादेव कय्युमकडे आले तेव्हा राजदूतला गिऱ्हाईक लागलं नव्हतं. लागणार कसं? येईल त्याला कय्युम त्या उचकीची गोष्ट सांगत बसायचा. दुसऱ्या सकाळी राजदूत ओढा उतरली आणि सरूबाईच्या फाट्यावर येऊन थांबली, तर म्हातारी आधीच उभी होती, दोन्ही हातांत भांडी घेऊन. पुढच्या वस्त्यांवर बाया पळत आल्या. कुणी हसत होतं, कुणी शहादेवांना लटकं रागावत होतं. त्या दिवशी दूध भरलं त्रेचाळीस लिटर. महिनाअखेर झाली आणि टेम्पो येत राहिला. नवी गाडी मुलाकडे परत गेली. त्याला वाईट वाटू नये म्हणून मनकर्णाबाईंनी फोनवर सांगितलं, "लई शांत हाय रं गाडी. तुज्या बापाला तिच्यावर झोप लागती."

"झाली," कार्बोरेटर बसवून कय्युम उठत म्हणाला. "आता सांगा, ती उचकी काढू का ठिवू?"

"हात लावू नको बे!"

सहाव्या किकला राजदूत बोलली. निळा धूर गॅरेजभर पसरला, अमीरबी पदर नाकाला लावून दारात आली, आणि बाकड्यावरची सगळी मंडळी आपापल्या गाड्या विसरून उभी राहिली.

दिवस कलला होता. शहादेव ओढा उतरून सरूबाईच्या फाट्यावर आले. रामहरीने अंगणापर्यंत यायला सांगितलं होतं, पण ते फाट्यावरच थांबले, कारण म्हातारीच्या कानाला हाच आवाज ठाऊक होता. गाडी त्यांनी बंद केली नाही. ती फटफटत होती, ठेका गाळत होती. वस्तीवर काहीच हललं नाही.  इतक्या वर्षांत कधी मारली नव्हती, ती हाक आता शहादेवांच्या ओठांवर आली.

इतक्यात मालनबाई घरातून पळत निघाली. एका हाताने पदर सावरत होती आणि दुसऱ्या हातात पितळेची चरवी होती. जवळ आली तेव्हा शहादेवांना दिसलं, ती रडतही होती आणि हसतही.

"आत्याबाई बोलल्या, काका! शहादेव आला म्हनल्या. दूध गाळलं का म्हनल्या, अन् मला भाईर पिटाळलं. पळ, त्यो थांबलाय म्हनल्या."

चरवी रिकामीच होती. म्हैस विकून चार वर्षं झाली होती, आणि दुधाचं काम सोडल्यापासून गाडीवर कॅनही नव्हता, नुसती कय्युमची चौकट होती. शहादेवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. त्यांनी मालनबाईच्या हातातून चरवी घेतली, जुन्या सवयीने चौकटीवर वाकवली आणि नीट निथळू दिली.

"दोन लिटर भरलं म्हनून सांग मावशीला," चरवी परत देत ते म्हणाले. "अन् सकाळच्या धारंला येतो म्हनावं."