वृंदाताईंची सही

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठतात: सिंकमध्ये न विसळलेले कप आणि वृंदाताईंचे किस्से. कप निदान कुणीतरी शेवटी धुतं!

डब्लिनजवळच्या सिटीवेस्टमधली आमची छोटी कंपनी एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर बनवते, म्हणजे फाइलींना कुलूप घालायचं. पण इतकं भारी कुलूप युरोपबाहेर विकायचं तर बहुतेक वेळा सरकारी लायसन्स लागतं. कोण वापरणार, म्हणजे 'एंड युजर' कोण, कशासाठी, सगळं लेखी. ते तपासतात अमरावतीच्या वृंदाताई. त्यांची सही नाही, तर माल नाही!

*

त्यांचा इंटरव्ह्यू घेतला आमच्या बॉसने, डेक्लनने. तो इथलाच, आयर्लंडातल्या ट्रलीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. "घरी काय असतं?" त्याने विचारलं. ताई म्हणाल्या, "गोठा."

झालं! विण्याआधी दोनेक महिने गाय आटवायची, दूध काढणं बंद म्हणजे बंद, नाहीतर पुढच्या वेताला दूध घटतं, यावर दोघं तासभर बोलले. एन्क्रिप्शनचा शब्द नाही. बाहेर येऊन डेक्लन म्हणाला, "बाई ग्रँड आहे!"

*

बहिणीच्या लग्नाला मी पुण्याला निघालो, तर ताई डेस्कशी हजर. "लॅपटॉप ठेव इथं. सोर्स कोड आहे त्यात. तिकडे नेलास की एक्स्पोर्ट झाला."

"ताई, असू द्या ना, लागला तर..."

"काऊन रे? लग्न बहिणीचं आहे की लॅपटॉपचं?"

आठ दिवस मी सुखाने जेवलो. अजून आभार मानायचे राहिलेत.

*

ताईंनी दिवाळीला लेकीच्या हातात लाडवांचा डबा दिला. "शेजारी देऊन ये गं."

आठ वर्षांची पोर अस्सल डब्लिनी इंग्रजीत आईला विचारते, "बट हू इज द एंड युजर, मॅम?"

*

आणि ती मोठी ऑर्डर. देश सांगत नाही. ती हातची गेली तर टीम निम्मी होणार, हे डेक्लनने तोंडावर सांगितलेलं. माझं वर्क परमिट याच नोकरीवर. गिऱ्हाईक म्हणे दूध संघ, दुधाच्या नोंदी सुरक्षित ठेवायच्यात. कागद चोख. तरी ताईंची सही होईना.

"ताई, करा ना सही!" लाज सोडून मीच म्हणालो.

"एकदा बोलू दे त्यांच्याशी."

व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे सुटातले तिघे. डेक्लन आमच्या शेजारी, घड्याळाकडे बघत. ताईंनी गोड आवाजात विचारलं, "विण्याच्या किती दिवस आधी तुम्ही गाईचं दूध काढणं थांबवता?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधला छाती फुगवून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे उत्पादन एक दिवसही थांबत नाही!"

डेक्लनने हात पुढे केला आणि स्वतः लॅपटॉप मिटला. मग तो उठला, सिंकमधले दोन कप काढून विसळले आणि ताईंना विचारलं, "साखर किती?"