गेजताईचं बारीक होत जाणारं पुस्तक

गेजताई पुस्तकं फाडायची. तीही पट्टी लावून, सरळ रेषेत. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते हेच करताना. नाशिकमधल्या सातपूरच्या अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर निळा एप्रन घातलेली एक तिशीची बाई बसली होती आणि एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेच्या नव्यासारख्या दिसणाऱ्या सराव-पुस्तकातलं पान काढून पिशवीत टाकत होती. आमच्या घरी पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करायची पद्धत. माझ्या तोंडून "अहो!" एवढंच निघालं. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "आलं मला हे. आता ठेवून काय करू?" आणि पुढचं पान पट्टीखाली घेतलं.

गेजताई हे नाव आम्ही अभ्यासिकेतल्या मुलींनी ठेवलं, तिच्या नोकरीवरून. सातपूरच्याच एका कारखान्यात ती तपासणी विभागात होती. यंत्रावरून उतरलेला माल तिच्या टेबलावर यायचा. गेज म्हणजे पोलादाचं एक छोटं माप. त्याचं एक टोक तुकड्याच्या भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, तरच तुकडा पास. दिवसभर हे केल्यावर माणसाला सगळं जगच तसं दिसायला लागत असावं. अभ्यासिकेतला पंखा, समोरच्या टपरीवरचा चहा, माझं अक्षर, एवढंच काय, मला बघायला आलेला एक मुलगासुद्धा तिने "नाय बसत" म्हणून बाद केला होता. मुलाच्या बाबतीत तिचा अंदाज अगदी बरोबर निघाला, पण तो विषय वेगळा.

ताई मूळची पिंपळगाव बसवंतकडची. डिप्लोमा करून नोकरीला लागली, नोकरी करता करता पदवी घेतली, लग्न झालं, ओवी झाली. कारखान्यात डिझाइन विभागाकडे बदली मागितली तर साहेबांनी एम.टेक. आहे का विचारलं. तेव्हापासून तिने हा ध्यास घेतला होता. "दुसऱ्यानं बनवलेलं मोजत बसायचं लय झालं," ती म्हणायची. "आता मला बनवायचंय." दोनदा परीक्षा दिली होती आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकली होती. पुढच्या वर्षी ओवी पहिलीत जाणार होती. शाळा एकदा सुरू झाली की तिला उचलून परगावी न्यायचं नाही, म्हणून हा प्रयत्न शेवटचा, असं ताईने स्वतःच ठरवून टाकलं होतं. घरातून कुणाची सक्ती नव्हती. तिचं माप तिनेच लावलेलं होतं आणि तिच्या मापात ढिलाई नसायची.

माझं सगळं उलटं. मी इंदिरानगरमध्ये वाढलेली, वडील बँकेत, खोलीत अभ्यासाचं टेबल, टेबलावर दिवा. त्याच परीक्षेच्या पहिल्या प्रयत्नात मी आपटले ती साहित्य कमी पडलं म्हणून नक्कीच नव्हे. सीनियर मुलाचा जुना संच होता, दोन वेगवेगळ्या क्लासच्या नोट्स होत्या, मोबाइलमध्ये पीडीएफचा तर पाऊस पडत होता. कुणी नव्या पुस्तकाचं नाव घेतलं की संध्याकाळपर्यंत ते पुस्तक घरात आलेलं असायचं. उघडायला मात्र मुहूर्त लागत नसे. मी मोठ्या अभिमानाने ताईला माझ्या फळीचा फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून नीट पाहिला आणि विचारलं, "दुकान टाकायचंय का?"

त्याच रविवारी ती मला शालिमारजवळच्या एका पुस्तकांच्या दुकानात घेऊन गेली. मी सवयीने मुखपृष्ठं बघू लागले. कुठली आवृत्ती नवी, कुणाचे किती विद्यार्थी झळकले, वगैरे. "ताई, ह्यात टॉपरची मुलाखत आहे," मी म्हटलं. "त्याची निघाली परीक्षा," ती म्हणाली. "आपली राहिलीय." मग तिने एक जाडजूड पुस्तक मधूनच उघडलं, पाच वेगवेगळ्या पानांवर बोट ठेवून पाच प्रश्न निवडले, दुकानातल्याच स्टुलावर बसली आणि एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढून चक्क सोडवायला लागली. दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, हे वाचनालय नाही."

"दादा, द्राक्षं घेता तेव्हा एक मणी तोंडात टाकता का नाय?" ताईने मान वर न करता विचारलं. दुकानदाराला हसू आलं आणि त्याने आम्हाला पंखा लावून दिला.

तो दिवस मी विसरणार नाही. पाचच्या पाच प्रश्न सुटले की ताई ते पुस्तक परत फळीवर ठेवायची. मला वाटलं होतं, असलंच पुस्तक घ्यायचं असतं, कारण मी तसंच घेत आले होते. "येतंय ते कशाला विकत घ्यायचं?" ती म्हणाली. एकही सुटला नाही तर तेही परत. "हे आपल्याला नुसतं घाबरवणार. शिकवणार नाय." दोन-तीन सुटले आणि उरलेल्यांनी तिला डोकं खाजवायला लावलं की तिचा चेहरा उजळायचा. "हे बसलं." दुपारभर हा प्रकार चालला. शेवटी आम्ही निघालो ते जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक संच आणि एक साधंसुधं पुस्तक घेऊन. त्या पुस्तकावर कुठल्याही टॉपरचा फोटो नव्हता आणि त्याच्यावर धूळ होती. तिच्या सांगण्यावरून मी माझ्यासाठी वेगळं घेतलं, कारण तिच्या पुस्तकातले पाच प्रश्न मला लावून बघितले तर मला एकही येईना. "माझ्या मापाचा ब्लाऊज तुला होईल का?" असं तिने दुकानात सगळ्यांसमोर विचारलं आणि मी लाजून अर्धी झाले.

पुस्तक घरी आलं की ते बारीक करायचं, ही तिची पुढची पायरी. वेगवेगळ्या दिवशी तीनदा बरोबर सुटलेला प्रश्न बाद. पानाच्या दोन्ही बाजूंचे प्रश्न बाद झाले की पान बाहेर. बाकीची मुलं किती पुस्तकं संपवली ते सांगायची आणि त्यांच्या टेबलांवरचे ढीग वाढत जायचे. ताईचं पुस्तक रोज थोडं थोडं रोडावत होतं. "उरलंय तेवढंच मला येत नाय," ती पुस्तकाची जाडी चिमटीत धरून दाखवायची. अभ्यास किती झाला हे इतकं स्पष्ट कळतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

फाडलेली पानं ओवीला मिळायची. तिच्या होड्या व्हायच्या, विमानं व्हायची, बाहुलीचे फेटे व्हायचे. ताई घरी पोचली की ती पोर पाणीबिणी न विचारता दारातच हात पुढे करायची, "आई, आज किती?" पानं जास्त असली की उड्या. एकही नसलं की ओवी गॅलरीत जाऊन टेम्पो धुणाऱ्या बापाला वरून ओरडून सांगायची, "पप्पा, आज आईला काहीच नाय आलं!" सगळ्या कॉलनीला ताईचा निकाल रोज असा जाहीर व्हायचा. अशी परीक्षक ताईला कुठल्या क्लासमध्ये मिळाली असती?

माझ्या आईला मात्र हे फाडणं अजिबात रुचलं नव्हतं. "विद्या आहे ती," ती म्हणायची. मग खंडेनवमीला ताईने आम्हा दोघींना कारखान्यात पूजेला बोलावलं. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, तपासणीच्या टेबलावर सगळी मापं पुसून मांडली होती, त्यांना हळदकुंकू लावलं होतं. आणि त्या मापांच्या मधोमध ताईचं निम्मं झालेलं पुस्तक ठेवलं होतं. त्यावरही हळदकुंकू, त्यावरही फूल. आई वाकून ते बघायला लागली. "वापरलेलं दिसतंय हो," असं म्हणून तिने त्या पुस्तकाला हात जोडले. घरी आल्यावर माझ्या फळीवरच्या पुस्तकांकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून बोचते.

पण ताई डगमगलीच नाही असं नाही. जानेवारीत सराव परीक्षांमध्ये तिचे गुण एकाच जागी अडकून बसले. कंपनं नावाचा एक विषय काही केल्या बारीक होईना. त्यातच अभ्यासिकेत एका क्लासचा खोकाभर संच घरोघर पोचल्याची बातमी आली. सगळ्यांनी घेतलाय, न घेणाऱ्याचं काही खरं नाही, अशी हवा झाली. आणि एक दिवस ताई तो खोका खांद्यावर घेऊन आत आली. पाच प्रश्न लावून बघितलेच नव्हते. गेजताईच गेज विसरली तर आम्ही कुणाकडे बघायचं?

आठवडाभर ती त्या खोक्यात बुडाली होती. पट्टी तशीच पडून होती. ओवी रोज रिकाम्या हाताने परत फिरत होती आणि हल्ली ओरडतही नव्हती. मग एका संध्याकाळी ताईने खोका टेबलावर ठेवला, तोंड दुसरीकडे करून आतून पाच कागद ओढले आणि सोडवायला बसली. चार प्रश्न तिने पूर्वीच बाद केलेल्या प्रकारांतले होते आणि पाचवा छापतानाच चुकलेला होता. तिने पेन्सिल खाली ठेवली. "भ्याले होते गं," ती म्हणाली. "भिऊन घेतलेलं कधी बसत नाय." मग खिडकीकडे बघत, "ह्या वेळी नाय झालं ना, तर मी जन्मभर मोजतच बसणार." तिचा आवाज तसा झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी तिचा हात धरला. खोका आम्ही अभ्यासिकेच्या कपाटात ठेवून दिला, ज्याला लागेल त्याने घ्यावा म्हणून, आणि ताई पुन्हा आपल्या कंपनांकडे वळली. त्या रविवारी ओवीला एक पान मिळालं. एकच, पण तिने त्याची होडी न करता ते भिंतीला चिकटवलं.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर सगळे जमिनीवर फतकल मारून नोट्स चाळत होते. ताईचं पुस्तक तोवर इतकं उरलं होतं की त्याला घरी पिन मारून ठेवलं होतं, आणि तेही तिने आणलं नव्हतं. तिने मला डब्यातले शेंगदाणे आणि गूळ खायला लावला. आत जाताना म्हणाली, "आतपण तेच करायचं. बसतोय तो घ्यायचा, नाय बसत तो सोडून पुढं. रुसायचं नाय त्याच्यावर." मी आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न सोडले, आणि सोडल्याचं वाईट वाटलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी ताई पहिल्या पाळीला होती आणि आत मोबाइल न्यायला बंदी. तिने मला आपला क्रमांक देऊन ठेवला होता. मी कारखान्यासमोरच्या टपरीवर बसून आधी माझा निकाल पाहिला. पास होते, आणि चांगली पास होते! मग तिचा क्रमांक टाकला. पडद्यावर जे आलं ते बघून मी चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला. पाळी सुटेपर्यंतचा वेळ कसा काढला ते माझं मला माहीत. भोंगा झाला, मोटारसायकली बाहेर पडल्या, आणि गर्दीतून निळा एप्रन आला. ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, झालं!" मी ओरडले. "देशात पहिल्या पाचशे जणांत आहेस तू!"

"परत बघ," ती म्हणाली.

मी परत क्रमांक टाकला, परत वाचून दाखवलं.

"अजून एकदा." तपासणीत कुठलंही माप तीनदा घेतात. तिसऱ्यांदा तिने मोबाइल स्वतःच्या हातात घेतला, क्रमांकाचा एकेक आकडा बोटाने तपासला, आणि मग अशी काही आरोळी ठोकली की वॉचमन केबिनमधून धावत बाहेर आला. मला तिने कमरेला धरून उचललं, माझं चांगलं वजन असूनही, आणि गोल फिरवलं. दुसऱ्या पाळीला आत जाणारी माणसं थांबली, कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवले. तेवढ्यात ताईचा नवरा टेम्पो घेऊन आला. पिंपळगावहून द्राक्षं भरून तो थेट मुंबईला निघाला होता, निकाल कळावा म्हणून वाट वाकडी करून गेटवर थांबला. आमच्याकडे बघताच त्याने मागचा एक क्रेट खाली उतरवला. "पेढ्यांना कुठं थांबता," तो म्हणाला आणि दोन्ही पाळ्यांना घड वाटत सुटला. त्याचे डोळे भरले होते आणि ते कुणी बघू नयेत म्हणून तो क्रेटमध्ये वाकून वाकून बघत होता. साहेबसुद्धा बाहेर आले, त्यांनीही घड घेतला. "मग राजीनामा कधी?" त्यांनी विचारलं. "जुलैत," ताई म्हणाली. "तवर मोजते."

जुलैत ती दक्षिणेकडच्या एका मोठ्या संस्थेत गेली. नवऱ्याने तिकडेच गाडीवर काम शोधलं, ओवी तिकडच्या शाळेत पहिलीत बसली. मलाही पुण्यात जागा मिळाली. नाशिकरोड स्टेशनवर मी खूप रडले, ताई अजिबात रडली नाही, तिला सामान मोजायचं होतं. आता मी नाशकातल्याच एका महाविद्यालयात शिकवते. मुलं विचारायला येतात, मॅडम, कुठलं पुस्तक घेऊ? मी त्यांना नाव सांगत नाही. पेन्सिल घेऊन दुकानात जा म्हणते. त्यांना मी विक्षिप्त वाटते, पण त्यातले बरेच जण पेढे घेऊन येतात.

गेल्या महिन्यात ताईने मोबाइलवर एका ड्रॉइंगचा फोटो पाठवला. ती आता एका कंपनीत डिझाइन विभागात आहे. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात रचना कुणाची, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं, ते लिहितात. सातपुरात इतकी वर्षं ताईची सही 'तपासलं' या शब्दापुढे पडत आली होती. ह्या ड्रॉइंगवर 'रचना' ह्या शब्दापुढे तिचं पूर्ण नाव होतं. मी ते वाचलं, परत वाचलं, स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं आणि तिला फोन लावला. पहिल्यांदा हेच विचारलं, "ताई, तुझं काम तपासतं कोण गं?"

"एक नवी पोरगी हाय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला आनंद मला इथे नाशकात लख्ख ऐकू आला. "दोनदा परत पाठवलं तिनं माझं ड्रॉइंग. लय भारी पोरगी हाय!"