समोरच्याचं गटार

माझी आत्या सकाळी उठली की आधी समोरच्याचं गटार बघायची. चहा नंतर.

समोर टोपीवाल्यांचा कारखाना. आत्या आणि ते एकाच कंपनीचे टॉवेल रंगवायचे आणि एकमेकांना पाण्यात बघायचे. गटार निळं वाहिलं की समजायचं, त्यांना निळ्याचं काम मिळालं. लाल वाहिलं की आत्याचं तोंड दिवसभर आंबट, कारण लाल आमचा. तेही आमचं गटार बघत असणारच. एके काळी टोपीवाले आणि आतोबा एकाच हौदावर राबायचे. पुढे बिनसलं, वेगळे झाले आणि आतोबा गेल्यावर तर बोलणंच खुंटलं.

मग कंपनीने कळवलं की सांडपाण्यात रंग दिसला तर काम बंद. तपासणी सोमवारी होती. त्याआधी महिनाभर आत्या उरलेल्या रंगपाण्याशी झुंजली. चुना घातला, तुरटी घातली, तासन् तास ढवळलं. काही जमेना. शेवटी वैतागून हौदावर झाकण टाकून घरी निघून आली. सकाळी बघते तर सगळा रंग तळाशी आणि वर नितळ पाणी! मिसळून झालं की हात लावायचा नाही, एवढंच होतं ते. पण आत्याच्या हाताला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही.

टोपीवाल्यांचं गटार अजून जांभळंच होतं.

"कोणी चकार शब्द काढायचा नाही," आत्याने आम्हाला बजावलं. त्यांचं काम आता आमच्याकडे येणार होतं. नव्या मशीनची जागा तिने खडूने आखूनसुद्धा ठेवली. मलाही आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, उगाच साळसूदपणा कशाला!

शनिवारी टोपीवाले दारात उभे. टोपी हातात, मागे हातगाडीवर कोऱ्या टॉवेलांचे गठ्ठे.

"वहिनी," ते म्हणाले, "आठवडा झाला, तुमच्या गटारात रंगाचा टिपूस नाही. काम तुटलं ना? सांगायचं तरी. माझ्या वाट्याचे हे गठ्ठे रंगवायला ठेवून घ्या, तुमच्या माणसांची चूल पेटेल. सोमवारनंतर माझंही काही खरं नाही, पण तोवर तरी."

मला हसू फुटणार होतं. आत्याचा चेहरा बघितला आणि ते घशातच राहिलं.

"भाऊजी, आत या," ती म्हणाली. किती वर्षांनी तिच्या तोंडून हा शब्द ऐकला! तिने त्यांना थेट हौदापाशी नेलं आणि झाकण उचललं. "काम तुटलेलं नाही. आधी चुना, मग तुरटी, नीट मिसळायचं आणि रात्रभर लांब राहायचं. तुम्ही ढवळत बसत असाल."

"मग, ढवळल्याशिवाय कसं..."

"तेच तर! मीही तेच करत होते."

टोपीवाले त्या नितळ पाण्याकडे बघत राहिले. मग ओशाळून म्हणाले, "म्हणजे मी उगाचच आलो."

"उगाच नाही हो," आत्या म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

सोमवारी दोन्ही कारखाने तपासणीत पास झाले. नवं मशीन काही आलं नाही. खडूच्या रेघा झाडता झाडता पुसल्या गेल्या. चढाओढ मात्र आहे तशीच आहे, फक्त आता गटार बघून काही कळत नाही. म्हणून आत्या रोज सकाळी रस्ता ओलांडून जाते आणि त्यांच्या खिडकीखाली उभी राहून विचारते, "भाऊजी, आज कोणता रंग?"

ते बेधडक खोटं सांगतात. आत्या खुशीत परत येते. "निळा म्हणाले," ती मला सांगते, "म्हणजे लाल असणार. चहा टाक, एक कप जास्त. ते येतायत."