लमियत मावशीच्या पिशव्या

लमियत मावशीसारखी राजभक्त बाई अख्ख्या थोनबुरीत शोधून सापडायची नाही. कालव्याच्या पुलाशी ती केळ्याची भजी तळते, शेजारी माझी चहाची गाडी. भजी बांधायच्या पिशव्या ती स्वतः करते, रद्दीला खळ लावून. पण रद्दीत राजाचा फोटो निघाला की आधी हात जोडणार, तो कापून पेटीत ठेवणार, मगच उरलेल्या कागदाला हात लावणार. मी हसले तर माझ्यावरच डोळे वटारायची.

तिच्या माडीवर ओवेन मास्तर भाड्याने राहायचा. परदेशी, पोरांना इंग्रजी शिकवणारा. त्याने पदरमोड करून एक कादंबरी छापली. कुत्र्यानेही हुंगली नाही. शेवटी वैतागून त्याने गठ्ठेच्या गठ्ठे मावशीपुढे टाकले. म्हणाला, निदान भज्यांबरोबर तरी खपेल. मावशीला इंग्रजी ओ की ठो कळत नाही. तिने पानं चाळली, राजाचा फोटो कुठे नाही याची खात्री केली आणि पिशव्या केल्या. सगळ्या गल्लीने त्या कादंबरीला तेलकट बोटं पुसली. चौकीतल्या हवालदार साकोननेसुद्धा.

मग कुणीतरी चुगली केली. कादंबरीत राजघराण्याबद्दल वावगा मजकूर होता म्हणे. काय होता ते विचारायची सोय नाही, सांगणाराही आत जातो. पोलिसांनी मास्तरला उचललं.

त्याचा वकील मावशीकडे आला. मास्तरने हे पुस्तक मुद्दाम लोकांत वाटलं, असा आरोप होता. त्याने ते स्वतःच रद्दीत काढलं असं मावशीने सांगितलं, तर तो वाचण्याची आशा होती. पण मग लोकांत वाटलं कुणी? मावशीने! तिला अन्न गोड लागेना. शेवटी साक्ष द्यायचीच असं ठरवून ती तुरुंगात त्याला भेटायला गेली. मी सोबत होते.

काचेपलीकडून मास्तर आमच्या भाषेत अडखळत म्हणाला, "मावशी, पुस्तकं मी जाळली. तुम्हाला यातलं काही माहीत नाही."

मावशीने मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाली, "सुटले गं बाई," आणि तिथेच फुटपाथवर बसून रडली.

कोर्टातही तो तेच बोलला. अहो, ज्याला साधी शेगडी पेटवता यायची नाही, तो काय पुस्तकं जाळणार! पण न्यायाधीशांना ते पटलं. जाळली, म्हणजे आत काय लिहिलंय ते तुला पक्कं ठाऊक होतं, मनात पाप होतं, असं ते म्हणाले. सहा वर्षं. पुस्तक लिहून छापल्याचा गुन्हा कबूल केला म्हणून त्याची तीन झाली. मावशीला वाचवायला मारलेली थाप त्याच्याच अंगाशी आली.

दुसऱ्या दिवशी साकोन नेहमीसारखा भजी घ्यायला आला. मावशीने झारा खाली ठेवला.

"साहेब, मास्तरने काही जाळलं नाही. पिशव्या मी केल्या त्या पुस्तकाच्या. तुम्हीपण त्यातूनच खाल्लंत. मला चौकीवर न्या."

साकोनने हातातलं भजं तोंडात टाकलं. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"मावशी, आज भजी छान कुरकुरीत झालीत हां," म्हणाला, आणि पैसे ठेवून चालता झाला.

मास्तर अजून आतच आहे. साकोन अजूनही रोज येतो. फक्त आता भजी न्यायला घरून डबा आणतो.