पुसदच्या प्रिंटमध्ये भाऊ परत येतो

निजामुद्दीनचाचांसमोर नव्या सिनेमाचं कौतुक करायचं म्हणजे आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घ्यायचा. पुसदच्या बाजारात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. कुलरच्या मोटारीत तांब्याची तार भरता भरता मान वर न करता ते निकाल देणार : ‘चोरला.’ कोणता सीन, कोणत्या जुन्या सिनेमातला, कितव्या रिळातला, सगळं तोंडपाठ. पोरं मुद्दाम खोडी काढायला यायची.

‘‘चाचा, आता त्याले चोरी नाही म्हणत. मानवंदना म्हणतात.’’

‘‘असं काय? माह्या दुकानातून मिक्सर उचलून नेला अन् भाईर जाऊन सलाम ठोकला, तं ते मानवंदना होते का रे?’’

पोरं हसायची, पण ऐकायची. कारण माणूस हवेत बोलत नव्हता. गावातल्या टॉकीजमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं ऑपरेटर म्हणून मशीन चालवलं होतं. टॉकीज बंद पडली, तिथं लग्नाचा हॉल झाला, तरी चाचांच्या डोक्यातली रिळं फिरतच होती. म्हणून कॉलेजच्या पोरांनी छोट्या फिल्मांची स्पर्धा भरवली तेव्हा परीक्षक म्हणून दुसऱ्या कोणाचं नावच निघालं नाही. त्यांच्या बायकोनं, गुलनारबीनं, पांढऱ्या सदऱ्याला कडक इस्त्री करून दिली आणि निघताना बजावलं, ‘‘जास्त बोलू नका तिथं. लेकरं हायत ते.’’

शाळेचा हॉल, खिडक्यांना काळे पडदे, भर दुपारी अंधार. पाच फिल्मा झाल्या आणि चाचांच्या कागदावर पाच वेळा तोच शब्द उमटला. मग सहावी लागली. फुलसावंगीच्या आयुष नावाच्या बावीस वर्षांच्या पोरानं मोबाईलवर काढलेली.

एक भाऊ कामासाठी पुण्याला जातो. बहीण कापूस वेचते आणि वाट पाहते. एक दिवस फोन येतो, भाऊ गेला. घरात रडारड. चाचा पेनाचं टोपण काढूनच बसले होते, कारण ही गोष्ट कुठली ते त्यांना दुसऱ्याच मिनिटाला कळलं होतं. पण पुढं काय झालं? बहीण शेतात उभी आहे, लांब फाट्यावर एसटी थांबते, खांद्यावर पिशवी घेतलेला भाऊ उतरतो, आणि बहीण तुरीतून धावत सुटते. बस्स. तो मेला होता की नव्हता, कोणी काही सांगत नाही. फिल्म संपली.

हॉल टाळ्यांनी भरून गेला. चाचांच्या हातातून पेन पडलं आणि ते उचलायचंही त्यांना सुचलं नाही. कारण जुन्या सिनेमात भाऊ परत येत नाही. त्यात चिता पेटते, धूर निघतो आणि पडदा पडतो. भाऊ परत आला होता तो जगात एकाच ठिकाणी, पुसदच्या प्रिंटमध्ये. आणि त्याला परत आणणारा माणूस इथं, पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून बसला होता.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली : ‘मूळ कल्पना : हिरासिंगबाबा, फुलसावंगी. ही फिल्म त्यांना मानवंदना.’

हिरासिंग! चाचांचं डोकं भणभणलं. माझा सीन, माझे हात, आणि नाव हिरासिंगचं?

गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. तेव्हा निजामुद्दीन पंचविशीत होता. बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला खेड्यापाड्यांतून बायांची झुंबड उडायची. त्या सिनेमाचं आठवं रीळ मशीनमध्ये अडकून फाटलं. मरण्याआधी भाऊ एकदा गावी येतो, गाडीतून उतरतो, तो तुकडा निजामुद्दीननं कापून खिळ्याला टांगला. म्हटलं, नंतर जोडू. शेवटचं रीळही तुटलं तेव्हा घाईघाईत, घाम पुसत, खिळ्यावरची पट्टी उचलून त्यालाच चिकटवली. धांदरटपणा, दुसरं काय! पण चिता पेटली आणि पाठोपाठ भाऊ गाडीतून उतरला, तशा बाया खुर्च्यांवरून उठल्या. रडत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. केबिनच्या झरोक्यातून ते पाहून निजामुद्दीनच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी त्यानं चूक सुधारायची ती सोडून चितेचीच पट्टी कापली आणि कचऱ्यात टाकली. पुढचे पाच आठवडे बाया एकमेकींना सांगत होत्या, ‘‘अमरावतीले मरते तो. पुसदले जगते.’’

मग प्रिंट अमरावतीच्या वितरकाकडं परत गेली आणि तिथं बोंब झाली की शंभर फूट फिल्म गायब आहे. टॉकीजच्या मालकानं विचारलं, कोणी चोरली? निजामुद्दीन एवढंच म्हणाला, ‘‘डबे तं हिरासिंगच्या हातात असतात.’’ हिरासिंग अमरावतीहून एसटीनं रिळांचे डबे आणायचा, न्यायचा. बंजारा तांड्यावरचा माणूस. मालकानं दुसरा प्रश्न विचारलाच नाही. संध्याकाळच्या आत हिरासिंगची नोकरी गेली.

त्यानंतर चाचा आयुष्यभर दुसऱ्यांच्या चोऱ्या मोजत बसले. हे त्यांना आजवर कळलं नव्हतं असं नाही. त्यांनी कळून घेतलं नव्हतं.

चहाची सुट्टी झाली तेव्हा त्यांनी आयुषला खिडकीपाशी बोलावलं.

‘‘हा शेवट कुठून उचलला?’’ आवाज चढला होता.

‘‘उचलला नाही, चाचा. हिरासिंगबाबानं सांगतला. ते टॉकीजमध्ये होते न पयले. म्हणे, बाया लय रडत, म्हून त्यायनं सोताच पट्टी जोडून भावाले वापस आणला. त्याच्यापायीच नोकरी गेली त्यायची. म्या मनात म्हटलं, एवढं केलं या माणसानं अन् कोणाले नाव बी माहीत नाही.’’ पोरगा जरा घाबरला होता, पण नजर खाली घेत नव्हता. ‘‘तुमीच म्हणता न, चोरटा नाव लपवते. म्या तं नाव मोठ्या अक्षरात टाकलं. मंग हे चोरी कशी?’’

पोरानं चोरी केली नव्हती. त्यानं प्रामाणिकपणे, मोठ्या अक्षरात, चुकीच्या माणसाला सलाम केला होता. खरा माणूस मीच, हे सांगायचं तर लागलीच पुढचं सांगावं लागणार. गप्प बसावं, तर आयुष्यात आपल्या हातून झालेली एकुलती एक सुंदर गोष्ट दुसऱ्याच्या पदरात जाणार.

‘‘आलेत का ते?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो न. म्या गाडीवर बसवून आणलं. मांगच्या खुर्चीवर बसून राह्यले.’’

पहिला नंबर आयुषलाच गेला. त्यात चाचांनी काही कमीजास्त केलं नाही. ती फिल्म होतीच तशी. मग पोरांनी हिरासिंगला स्टेजवर आणलं. वाळून काटक झालेला म्हातारा, डोक्याला लाल फेटा. चाचांच्या एका हातात शाल दिली, दुसऱ्या हातात माईक, आणि पोरं म्हणाली, दोन शब्द बोला.

चाचांनी हिरासिंगकडं पाहिलं. चाळीस वर्षांत पुसदच्या बाजारात हा माणूस कितीदा दिसला, आणि प्रत्येक वेळी चाचांनी गल्ली बदलली. आता गल्ली नव्हती. त्यांनी ठरवलं, बोलायचं. नोकरी कोणामुळं गेली तेही आणि पट्टी कोणी जोडली तेही.

‘‘या शेवटाबद्दल मले एक सांगाचं हाय,’’ ते माईकमध्ये म्हणाले. ‘‘ते पट्टी जोडली होती...’’

हिरासिंगनं पुढं होऊन माईकवर तळवा ठेवला. हॉलमध्ये नुसती खरखर झाली. तो चाचांच्या कानाशी वाकला. रागावलेला नव्हता, आणि तेच चाचांना सोसेना.

‘‘नको बोलू, निजाम. चाळीस साल म्या चोर म्हून काढले. पोरीची सोयरीक मोडली त्या नावापायी. तवा तू आला नाही, हे माहं काम हाय म्हणाले. मंग म्या म्हटलं, चोरी माह्या नावावर हाय, तं कारागिरी बी माह्याच नावावर राहू दे. तांड्यावरच्या लेकरायले हेच सांगत आलो. माह्या नातवायले बी हेच माहीत हाय, अन् ते खाली बसून राह्यले.’’

चाचा हबकले. खरं बोलून हिरासिंगच्या माथ्यावरचा डाग पुसता आला असता, हे खरं; पण त्याच हातानं त्याच्याजवळ उरलेलं सगळं काढून घेतलं असतं. आणि याही खेपेला, खरं काय ते ठरवायला निघालेले चाचा त्याला विचारायला विसरलेच होते.

‘‘घाल आता शाल,’’ हिरासिंग म्हणाला. ‘‘लोक पाहून राह्यले.’’

त्यानं मान पुढं केली. चाचांनी माईक टेबलावर ठेवला आणि शाल उघडली, पण ती एकाच खांद्यावर पडली आणि दुसऱ्या बाजूनं घसरली. शेवटी हिरासिंगनंच ती दोन्ही हातांनी वर ओढली आणि आपल्या खांद्यावर नीट बसवली.