तीन डान्सबार आणि एक बादली

समस्त मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नव्वदच्या दशकात दुबईच्या देरा भागात एकाचे तीन झालेले ते डान्सबार मालकावर नव्हे, एका बादलीवर उभे होते!

गिऱ्हाईक पैसे देई आणि वेटर नाचणाऱ्या मुलीच्या गळ्यात प्लॅस्टिकचा हार घाली. तेच हार दुसऱ्या दिवशी धुऊन पुन्हा विकायला तयार. धुणारा माणूस रत्नागिरीकडचा. मी दुपारी पडदे बसवायला जाई, तेव्हा तो बादलीपाशी बसून एकेक फूल अंगठ्याने चोळत असे आणि न चुकता म्हणे, "साहेब, घरी आता दीड तास पुढे. लेक जेवून उठली असेल."

तिसरा बार उघडला, त्याच आठवड्यात लेकीचं लग्न निघालं. मालकाने रजा दिली नाही, पासपोर्टही दिला नाही.

"निदान मंगलाष्टकं ऐकवा," तो मला म्हणाला. "तिकडे मुहूर्त साडेबाराचा. दीड तास धरून दोनला मोबाईल आणा."

मी मोठा हुशार, बरोब्बर दोनला हजर! त्याने नवा शर्ट घातला होता. मुठीत अक्षता होत्या. फोनवर त्याच्या भावाचा आवाज मलाही ऐकू आला, "अरे, लग्न कधीच लागलं! पोरगी सासरी गेलीसुद्धा."

दीड तास मिळवायचा नव्हता, वजा करायचा होता. आम्हा दोघांनाही ते तेव्हा कळलं. त्याने अक्षता हळूच खिशात टाकल्या, घसा खाकरला आणि फोनमध्ये ओरडूनच विचारलं,

"मग... जेवायला काय काय होतं?"